बचाव वकिलाचे पहिले सहा महिने: लोकअभिरक्षक कार्यालयात नव्याने येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मुंबईत फौजदारी बचावाचे काम नव्याने हाती घेणाऱ्या वकिलांना आम्ही ओळख-प्रशिक्षण देतो. सहायक लोकअभिरक्षक आणि विधी सेवेच्या पॅनलवरचे वकील, दोघेही त्यात असतात. वर्गात कलमे शिकवून होतात. खरे प्रश्न मात्र नंतर येतात: किल्ला कोर्टाच्या व्हरांड्यात, कुर्ला कोर्टाबाहेर चहा घेताना, रात्री फोनवर. बहुतेकांना पडणारे तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत कायदा आहे आणि माझी मतेही आहेत.

लोकअभिरक्षक म्हणजे नेमके कोण? पूर्वीच्या पॅनल वकिलापेक्षा वेगळे काय?

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये ही पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आणली. महाराष्ट्रात तिला लोकअभिरक्षक हे सुंदर नाव मिळाले. कार्यालयात मुख्य, उपमुख्य आणि सहायक असे वकील असतात. मुख्य पदाला फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा आणि उपमुख्य पदाला ७ वर्षांचा अनुभव लागतो. सहायक मात्र नुकती सनद घेतलेला असू शकतो. नेमणूक सुरुवातीला दोन वर्षांची असते. काम चांगले असेल तर ती वर्षावर्षाने वाढते. या काळात खासगी प्रॅक्टिस करता येत नाही, दिवाणीसुद्धा.

पॅनलवरचा वकील आपल्या खासगी कामातून वेळ काढून विधी सेवेची प्रकरणे चालवतो. लोकअभिरक्षकाला दुसरे काम नसते. सरकारी पक्षामागे कार्यालय, कर्मचारी आणि पोलीस ठाणे उभे असते. गरीब आरोपीच्या मागे मात्र आजवर फक्त एक नियुक्तीपत्र असायचे. आता त्याच्याही मागे एक कार्यालय आहे, हा फरक मोठा आहे.

मोफत वकील कोणाला मिळतो? उत्पन्नाचा दाखला मागायचा का?

कोठडीतल्या माणसाकडे तो मागायचा नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतली व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट नाही. 'दाखला आणा' म्हणून कोणालाही परत पाठवू नका.

आरोपीला पहिल्यांदा भेटल्यावर काय बोलायचे?

आपण कोण आहोत हे आधी सांगायचे. वाटते त्यापेक्षा हे अवघड आहे, कारण आपल्या भाषेतच एक घोटाळा आहे. 'सरकारी वकील' म्हणजे आरोपीच्या विरुद्ध उभा राहणारा वकील. तुम्ही उत्साहाने सांगता, "मला सरकारने तुमच्यासाठी नेमलंय," आणि समोरच्याला त्यातले 'सरकार' आणि 'वकील' एवढेच ऐकू येते. मग तो तुम्हाला तेच सांगतो, जे त्याने पोलिसांना सांगितले. किंवा काहीच सांगत नाही.

मी असे सांगते: "मी तुमची वकील. पोलिसांची नाही, कोर्टाची नाही, सरकारी वकील नाही. पैसे द्यायचे नाहीत. तुम्ही मला जे सांगाल ते मी तुम्हाला विचारल्याशिवाय कोणाला सांगणार नाही." यातले शेवटचे वाक्य कायद्याचे आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने अशिलाचे बोलणे गोपनीय ठेवले आहे. पण सोबतचा हवालदार हातभर अंतरावर उभा असताना त्या कलमाचा काय उपयोग? त्याला विनंती करून चार पावले मागे जायला सांगा. ऐकत नसेल तर न्यायाधीशांना सांगा. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखे होईल, पण बोला.

'तुम्ही' म्हणा. लॉकअपमध्ये रात्र काढलेल्या माणसाला सकाळपासून सगळे 'ए' आणि 'तू' म्हणत असतात. आणि "तुम्ही केलं का?" हा पहिला प्रश्न नसावा. कधी पकडले, कुठून पकडले, कशावर सह्या घेतल्या, घरी कोणाला कळवले, औषध चालू आहे का, हे विचारा. मुंबईतल्या आरोपींपैकी कितीतरी जण बंगाली, उडिया, तमिळ किंवा भोजपुरी बोलतात. माणूस मान डोलावतो म्हणजे त्याला कळले असे नाही. जे सांगितले ते त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा.

रिमांडच्या वेळी, म्हणजे कोठडीसाठी आरोपीला न्यायाधीशांसमोर आणतात तेव्हा, जेमतेम पाच मिनिटे मिळतात. तेवढ्यात काय पाहायचे?

नव्या वकिलांना वाटते की खटला उलटतपासात जिंकला जातो. माझा अनुभव असा की निम्मा खटला या पाच मिनिटांतच हातात येतो किंवा निसटतो. आज नोंदवून न घेतलेली गोष्ट तीन वर्षांनी सिद्ध करता येत नाही. म्हणून कोर्ट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा, पैरवीच्या (पोलीस ठाण्याचे कोर्टातले काम पाहणाऱ्या) हवालदाराकडून रिमांड अर्जाची प्रत घ्या आणि आधी वेळा पाहा.

अटक केव्हा दाखवली आहे आणि माणूस म्हणतो केव्हा उचलले? प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत हजर करणे बंधनकारक आहे. अटक 'सकाळी ११ वाजता' दाखवलेली असते आणि माणूस आदल्या संध्याकाळपासून चौकीत बसलेला असतो. अशा वेळी त्याच्या भावाने कोणाला किती वाजता फोन केला, दुकानाबाहेर कॅमेरा आहे का, हे लगेच टिपून घ्या. कॅमेऱ्यातले चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते. ते राखून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.

मग अटकेची कारणे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७ ने ती सांगणे सक्तीचे केले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले की कारणे लेखी हवीत, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि उशिरात उशिरा रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी त्याच्या हातात हवीत. मराठी न येणाऱ्याला मराठी कागद देऊन अंगठा घेतला असेल तर तो मुद्दा त्याच दिवशी मांडा.

तिसरे, अटकेची गरज होती का? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी त्याच संहितेच्या कलम ३५(३) च्या, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणाऱ्या नोटिशीचा विचार व्हायला हवा होता. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्येच न्यायालयाने सांगितले की पोलिसांनी अटकेची कारणे नोंदवावीत आणि न्यायाधीशांनी ती तपासावीत.

हे सगळे तोंडी मांडून थांबू नका. कोर्टात बोललेले हवेत विरते. अर्ध्या पानाचा हाताने लिहिलेला अर्जसुद्धा रेकॉर्डवर राहतो.

पोलीस कोठडी तर मिळतेच. विरोध करून काय होते?

दिवस कमी होतात. सात मागितले तर तीन मिळतात, आणि पोलीस कोठडीतले चार दिवस म्हणजे काय हे आत राहिलेल्यालाच ठाऊक. "अधिक तपास करायचा आहे" हे कारण पुरेसे नाही. मोबाईल जप्त झाला, कपडे जप्त झाले, मग आणखी काय हस्तगत करायचे आहे, असे ठामपणे विचारा. नव्या संहितेने एक गुंता वाढवला आहे. पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. म्हणून न्यायालयीन कोठडी मिळाली की निःश्वास सोडू नका. आतापर्यंत पोलीस कोठडीचे किती दिवस वापरले गेले, ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहीत जा.

आरोपी म्हणतो मारले, पण न्यायाधीशांसमोर "तक्रार नाही" म्हणतो. तेव्हा?

त्याला परत त्याच पोलीस ठाण्यात जायचे असते, म्हणून तो गप्प बसतो. त्याच्यावर जबरदस्ती करू नका. पण दिसणाऱ्या जखमा न्यायाधीशांच्या नजरेस आणा, वैद्यकीय तपासणीचा कागद मागा आणि पुन्हा तपासणीची विनंती करा. चालताना लंगडत असेल तर तळपाय पाहायला सांगा. त्याची संमती असेल तर तक्रार त्याच्याच शब्दांत नोंदवून घ्या.

६० आणि ९० दिवसांचा हिशेब कसा ठेवायचा?

फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६०. तेवढ्या दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क ठरतो. अमली पदार्थ आणि संघटित गुन्हेगारीच्या खास कायद्यांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत जाऊ शकते. रिमांडचा पहिला दिवस मोजायचा की नाही, हा वाद २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो मोजायचा असे सांगून मिटवला.

अर्ज मात्र वेळेत करायला हवा. दोषारोपपत्र सकाळी दाखल झाले आणि तुमचा अर्ज दुपारी गेला, तर हक्क संपला. मुदतीच्या आदल्या रात्री अर्ज टाईप करून तयार ठेवा आणि कोर्ट उघडताच द्या. २०१७ च्या राकेश कुमार पॉल प्रकरणात न्यायालयाने तोंडी विनंतीही ग्राह्य धरली होती. तिच्यावर विसंबून मात्र राहू नका.

जामीन मंजूर झाला. माझे काम संपले ना?

नाही. या उत्तरासाठी मी थोडी जास्त जागा घेते.

माझ्या पहिल्याच वर्षी जरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बिहारी तरुणाला मी जामीन मिळवून दिला. पंधरा हजारांचा जातमुचलका (स्वतःचे बंधपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. मी समाधानाने फाईल कपाटात ठेवली. तीन महिन्यांनी तुरुंगभेटीला गेले तर तो समोर उभा. मुंबईत त्याला जामीन राहील असे कोणीच नव्हते. मालकाने फोन उचलला नव्हता. "मॅडम, बेल हो गया था ना?" एवढेच त्याने विचारले. चूक माझी होती. त्या दिवसापासून मी जामिनाचा अर्ज लिहितानाच विचारते: जामीनदार कोण? त्याच्याकडे रेशन कार्ड, पगाराची चिठ्ठी, घराची पावती आहे का? कोणीच नसेल तर त्याच अर्जात रोख जामीन मागते, किंवा निदान जामीनदार आणेपर्यंत चार आठवडे तात्पुरता रोख जामीन.

हा प्रश्न जुना आहे. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार आणायला सांगितले होते, तोही त्याच जिल्ह्यातला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते अमान्य केले. आज तुमच्या हातात याहून जास्त साधने आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेनंतर आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर माणूस निर्धन आहे असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७८ गृहीत धरते आणि त्याला नुसत्या बंधपत्रावर सोडावे लागते. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिनाभरात बंधपत्र भरले गेले नाही तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा आपणहून विचार करावा. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते, काही गंभीर कायद्यांखालील प्रकरणे वगळून.

आणि शेवटचा टप्पा. आदेश निघाला तरी तो तुरुंगापर्यंत पोहोचावा लागतो. आर्थर रोड तुरुंगाच्या दाराबाहेरची, जामिनाचे आदेश टाकायची जामीन पेटी ठराविक वेळांनाच उघडते. संध्याकाळची वेळ चुकली की माणसाची आणखी एक रात्र त्या बराकीत जाते, आणि तिथे मूळ क्षमतेच्या कितीतरी पट माणसे असतात. कागद निघाल्यापासून पेटीत पडेपर्यंत त्याचा पाठपुरावा करा.

अशिलाच्या घरच्यांकडून थोडे पैसे घेतले तर चालतात का? झेरॉक्सपुरते?

नाही. एक रुपयाही नाही, मिठाईचा पुडाही नाही.

आरोपी म्हणतो, "कबूल करून टाकतो, सुटेन." काय सल्ला द्यायचा?

आधी त्याला तसे का वाटते ते समजून घ्या. किरकोळ चोरीत चार महिने आत काढलेल्या माणसाला तारखांचा कंटाळा आलेला असतो. भोगलेले दिवस शिक्षेतून वजा होतात हे त्याला बराकीतल्या सोबत्यांनी सांगितलेले असते, आणि ते खरेही असते. पण दोषसिद्धीचा शिक्का कायमचा राहतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सुरक्षारक्षकाची, डिलिव्हरीची, शिपायाची नोकरी पोलीस पडताळणीत जाते. उद्या त्याच्यावर दुसरे प्रकरण आले तर 'पहिलाच गुन्हा' म्हणून मिळणाऱ्या सवलती जातात, त्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ची सवलत आलीच. त्या कलमाप्रमाणे पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांना निम्मा काळ भोगल्यावर सोडायचे असते. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त प्रकरणे प्रलंबित असलेले आरोपी यातून वगळले आहेत.

हे सगळे सांगा. परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटता येते हेही सांगा. मग निर्णय त्याला घेऊ द्या. आयुष्य त्याचे आहे. त्याने कबुलीच द्यायची ठरवली तर परिवीक्षेसाठी जीव तोडून बाजू मांडा.

आधार कार्डावर १९ वर्षे आहेत, पण मुलगा लहान दिसतो.

तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. कार्डावर जन्मतारीख '१ जानेवारी' असेल तर ती बहुधा कोणीतरी अंदाजाने लिहिली आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. गावच्या शाळेत फोन करा, मुख्याध्यापक मदत करतात. अल्पवयीन असल्याचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर घेता येतो. पण मुलाला प्रौढांच्या बराकीतून बाहेर काढायचे असेल तर तो आजच घ्यायला हवा.

एकाच गुन्ह्यातल्या दोन आरोपींचे काम मी एकटी घेऊ का?

दोघे एकमेकांकडे बोट दाखवणार असतील, किंवा पुढे दाखवू शकतील असे वाटत असेल, तर नाही. मुख्य लोकअभिरक्षकांना सांगा आणि दुसऱ्यासाठी पॅनलवरचा वकील मागा. हे पहिल्याच आठवड्यात करा. एकदा दोघांचे मन ऐकून घेतले की कोणाचीच बाजू नीट मांडता येत नाही.

पहिला उलटतपास. हात थरथरतात. कुठून सुरुवात करू?

पोलिसांसमोरचा जबाब आणि कोर्टातली साक्ष शेजारी शेजारी ठेवा. समजा, दादर स्टेशनवर मोबाईल हिसकावल्याची केस आहे. साक्षीदार कोर्टात म्हणतो, "त्याने मला चाकू दाखवला." पोलीस जबाबात चाकूचा उल्लेखच नाही. त्या एका चाकूने साधी चोरी जबरी चोरी होते. ही चूक किती मोठी आहे हे साक्षीदाराला कळायच्या आत ती बांधून घ्यायची.

पोलिसांनी जबाब वाचून दाखवला होता, तो बरोबर लिहिला होता, हे आधी त्याच्याकडून घ्या. मग विचारा, "चाकू दाखवल्याचं पोलिसांना सांगितलं होतं का?" तो म्हणेल, "सांगितलं होतं." मग, "ते जबाबात लिहिलेलं नाही, याचं कारण सांगता येईल का?" उत्तर बहुतेक वेळा "कारण सांगता येणार नाही" असे येते. इथे थांबा. आणखी खोदायला गेलात तर तो सावरून घेईल.

काम अर्धेच झाले आहे, आणि नवे वकील नेमके इथेच चुकतात. तपास अधिकारी साक्षीला आला की त्याला विचारावे लागते, "या साक्षीदाराने चाकूबद्दल तुम्हाला सांगितलं होतं का?" त्याच्या तोंडून "सांगितलं नव्हतं" आले तरच गाळलेला भाग सिद्ध होतो. विसंगत वाक्य असेल तर जबाबातला तो नेमका भाग साक्षीदाराला दाखवून 'पोर्शन मार्क ए' करून घ्यायचा आणि अधिकाऱ्याकडून शाबीत करायचा. हे दोन साक्षीदार वर्षाच्या अंतराने येऊ शकतात. म्हणून मधल्या काळासाठी 'अधिकाऱ्याला विचारायचे' असे वेगळे पान फाईलला लावून ठेवा.

झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने आता सक्तीचे केले आहे. पंचनामा हाती आला की चित्रण मागा. पंच तोच, जो आणखी चार केसमध्ये पंच आहे, असे आढळले तर तेही विचारा.

समोरच्याने गुन्हा केला आहे असे मला वाटते. त्याच्यासाठी कसे उभे राहू?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारणाऱ्याची मला काळजी वाटत नाही. या शहराने तो सर्वांत कठीण रूपात पाहिला आहे. २६/११ च्या खटल्यात कसाबला वकील मिळू नये असे वातावरण होते. तरीही त्याला वकील दिला गेला, खटला चालला आणि ऑगस्ट २०१२ मध्ये शिक्षा कायम करतानाच सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांवर एक कर्तव्य घातले: आरोपीला पहिल्यांदा हजर करतानाच वकिलाच्या हक्काची जाणीव द्यायची आणि तो नको म्हणत नसेल तर वकील द्यायचा. आज किल्ला कोर्टात एखाद्या पाकीटमाराला पहिल्या दिवशी तुम्ही भेटता, त्यामागे तो निकालही आहे.

दुसरे उदाहरणही इथलेच. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांची मुक्तता केली. कबुलीजबाब आणि उशिरा झालेली ओळख न्यायालयाला विश्वासार्ह वाटली नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलेले नाही. त्या स्फोटांत गेलेल्यांच्या घरांचे दुःख आजही तितकेच आहे. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली तर त्या घरांनाही न्याय मिळत नाही. तुम्हाला काय वाटते त्यावर खटला ठरत नाही. पुरावा तपासणे हे तुमचे काम आणि ते दुसरे कोणी करणार नाही.

घरचे रोज फोन करतात. किती बोलायचे?

पुढची तारीख, कोर्टाचा हॉल क्रमांक आणि तुरुंगातल्या मुलाखतीची पद्धत, एवढे नक्की सांगा. "पुढच्या तारखेला सुटेल" असे कधीही म्हणू नका. केसमधले तपशील आरोपीच्या परवानगीशिवाय आईलाही सांगायचे नाहीत. मात्र फोन उचला. विधी सेवेचा १५१०० हा क्रमांकही त्यांना द्या.

निकाल विरोधात जाणार असे दिसत असेल तर तयारी काय?

निकालाच्या दिवशी पिशवीत दोन कागद असावेत: शिक्षेवरच्या युक्तिवादाची टिपणे आणि शिक्षा स्थगितीचा अर्ज. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची झाली, तर अपील करेपर्यंत तेच न्यायालय त्याला जामीन देऊ शकते. अर्ज तयार नसेल तर त्याला त्याच संध्याकाळी आत जावे लागते. शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. उच्च न्यायालयातल्या अपिलासाठी तिथल्या विधी सेवा समितीकडे पाठवायचे कागद त्याच आठवड्यात तयार करा.

आणि त्या संध्याकाळी लगेच घरी निघू नका. पोलीस व्हॅन सुटेपर्यंत खालच्या लॉकअपपाशी जा. निकालातले इंग्रजी त्याला कळलेले नसते. किती वर्षे, त्यातून किती वजा, अपील कधी आणि कोण करणार, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगा, आणि त्याच्याकडून परत वदवून घ्या.